एकच सॉफ्टवेअर, साडेतीनशे सोसायट्या, आणि प्रत्येक कमिटीचं ‘आमचं जरा वेगळं आहे’

प्रश्न : बिलिंग_बॅकएंड

मंडळी, गृहनिर्माण सोसायट्यांच्या हिशेबाचं आणि मेंटेनन्स बिलांचं वेब सॉफ्टवेअर आहे. एकच कोड, एकच डेटाबेस, प्रत्येक टेबलात सोसायटी_आयडी. (‘टेनंट’ हे नाव मुद्दाम टाळलंय, कारण इथे फ्लॅटमधला भाडेकरूही टेनंटच असतो.) वेब फ्रेमवर्क जँगो, डेटाबेस पोस्टग्रेस १५, दोघांच्या मध्ये कनेक्शन वाटून देणारा पीजीबाउन्सर. साडेतीनशेच्या आसपास सोसायट्या, सर्वात लहान १२ फ्लॅटची, सर्वात मोठी १,४०० फ्लॅटची.

मागण्या साधारण अशा येतात:

सभासदाच्या नोंदीत जादा रकाने हवेत. कुणाला पार्किंग स्टिकरचा नंबर, कुणाला कुत्र्याच्या लसीकरणाची तारीख, कुणाला पाइप गॅसचा ग्राहक क्रमांक.

आकारणीची पद्धत वेगळी हवी. पाणीपट्टी कुठे नळांवर, कुठे मीटरवर. लिफ्टचा खर्च तळमजल्याला लावायचा की नाही यावर तर भांडणंच आहेत.

बिलाचा नमुना आपल्याच जुन्या छापील बिलासारखा हवा, मराठीत. आणि अलीकडे स्वतःचं डोमेन, शिवाय गेटवरच्या अ‍ॅपला आपोआप डेटा.

सध्या कोडमध्ये ‘सोसायटी आयडी ५७ असेल तर’ छापाच्या अटी जागोजागी आहेत आणि त्यांची संख्या वाढतेच आहे. विचारायचं ते असं: जादा रकान्यांसाठी ईएव्ही (प्रत्येक मूल्याची वेगळी ओळ), जेसनबी (एकाच कॉलमात नाव-मूल्याच्या जोड्या) की राखीव रिकामे कॉलम? आकारणीचं सूत्र ग्राहकाला स्वतः लिहू द्यावं का? आणि सर्वात मोठी सोसायटी ‘आमचा डेटाबेस वेगळा ठेवा’ म्हणतेय, तर ठेवावा का?

विदागार

रकान्यांपुरतं लिहितो, आकारणीवर दुसरं कोणी लिहील.

जेसनबी घ्या. मागणी येईल तसा खरा कॉलम जोडत गेलात तर पोस्टग्रेसमध्ये एका टेबलाला १,६०० कॉलमची मर्यादा आहे आणि काढून टाकलेले कॉलमही त्यात मोजले जातात. पण त्या मर्यादेपर्यंत जाण्याआधीच लॉक त्रास देईल. आवृत्ती ११ पासून डीफॉल्ट मूल्यासह कॉलम जोडताना सगळं टेबल पुन्हा लिहिलं जात नाही हे खरं, तरी अ‍ॅक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक (टेबल बाकी सगळ्यांना अडवणारा) लागतोच. एखादा लांबलचक रिपोर्ट चालू असला की ‘ऑल्टर’ (कॉलम जोडण्याची आज्ञा) त्याच्या मागे थांबतो आणि ऑल्टरच्या मागे सगळं जग थांबतं. ईएव्हीमध्ये पाच रकान्यांवर गाळणी लावली की पाच जॉइन (टेबलांच्या जोडण्या). यादीचा स्क्रीन उघडायला नको होतो.

तर सभासद टेबलात ‘जादा’ नावाचा एक जेसनबी कॉलम, आणि शेजारी व्याख्यांचं टेबल: सोसायटी_आयडी, नोंदीचा प्रकार, की, लेबल, डेटाचा प्रकार, क्रम, आवश्यक आहे का, निवृत्त केव्हा. चार नियम पक्के ठेवा.

की लेबलपासून बनवू नका. सीएफ_०१७ अशी निरर्थक आणि कायमची की द्या. लेबल बदलणारच आहे, आणि मराठीत आणखी एक खोच आहे. ‘दुसऱ्या गाडीचा नंबर’ मधला ‘ऱ्या’ एका कीबोर्डवरून नुक्तावाला ‘ऱ’ अधिक हलंत असा येतो, तर दुसऱ्या कीबोर्डवरून साधा ‘र’, हलंत आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असा येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे. युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची रूपं एक करण्याच्या पद्धतीने) हे दोन एक होत नाहीत. एक्सेलमधून इम्पोर्ट करताना लेबल जुळवत असाल तर आधी स्वतः एक रूप ठरवून बदल करून घ्या. आणि ‘अदृश्य अक्षरं काढून टाका’ असा सफाईचा फंक्शन कुठे असेल तर तो जॉइनरही खातो. मग ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो आणि फोन येतात.

डेटाचा प्रकार एकदा ठरला की बदलू द्यायचा नाही. मजकुराचा आकडा करायचा असेल तर नवा रकाना, रूपांतर, आणि न जमलेल्या ओळींची यादी कमिटीला. जुना रकाना निवृत्त करा, पुसू नका.

आकडे जेसनमध्ये आकडा म्हणूनच साठवा, स्ट्रिंग म्हणून नको. पायथनचा इंट आणि डेसिमल दोघेही ‘१२’ असे देवनागरी अंक बिनबोभाट स्वीकारतात, रेगेक्समधला अंकांचा वर्गही स्वीकारतो. तुमची तपासणी पास होते, मूळ स्ट्रिंग जशीच्या तशी डेटाबेसात जाते, आणि पुढे कधीतरी रिपोर्टमध्ये पोस्टग्रेस ती न्यूमेरिकमध्ये बदलायला जातो तेव्हा अवैध इनपुट म्हणून सगळी क्वेरी पडते. एका ओळीमुळे सगळी. तेव्हा तपासल्यानंतर मिळालेलं मूल्य साठवा, तपासलेली स्ट्रिंग नव्हे.

तारखा नेहमी वर्ष-महिना-दिवस या आयएसओ रूपात. मजकुरावरून तारखेत रूपांतर पोस्टग्रेसच्या लेखी इम्युटेबल (नेहमी तेच उत्तर देणारं) नाही, कारण ते डेटस्टाइल या सेटिंगवर अवलंबून आहे; त्यामुळे त्यावर एक्स्प्रेशन इंडेक्स (रूपांतराच्या उत्तरावरचा इंडेक्स) बनतच नाही. आयएसओ रूप असेल तर मजकूर म्हणूनच ‘सी’ कोलेशनने (बाइटांच्या क्रमाने) इंडेक्स करा, क्रम बरोबरच लागतो.

आता इंडेक्सचा खरा प्रश्न. जेसनबीवर जिन इंडेक्स, पाथ ऑप्स वर्गाचा, हा ‘अमुक रकान्यात तमुक मूल्य आहे का’ एवढ्यालाच चालतो. ‘लसीकरण संपायला ३० दिवस उरलेत असे सभासद’ किंवा रकान्यानुसार क्रम, यासाठी त्याचा उपयोग शून्य. मग मोह होतो की प्रत्येक सोसायटीच्या प्रत्येक रकान्यासाठी एक पार्शल इंडेक्स (ठरावीक ओळींपुरता) टाकावा. टाकू नका. साडेतीनशे सोसायट्यांचे दहा-दहा रकाने म्हणजे एका टेबलावर ३,५०० इंडेक्स. प्रत्येक क्वेरीचा प्लॅन करताना पोस्टग्रेस त्या सगळ्यांकडे बघतो, सगळ्यांवर लॉक घेतो, आणि तुमच्या आवृत्तीत बॅकएंडमागे (प्रत्येक कनेक्शनच्या प्रोसेसमागे) फास्ट पाथचे, म्हणजे झटपट मिळणारे, लॉक फक्त १६ आहेत. त्यापुढचे सगळे सामायिक लॉक टेबलात जातात आणि गर्दीच्या वेळी तिथेच रांग लागते.

सेल्सफोर्स या क्लाउड सॉफ्टवेअर कंपनीने हा पेच जसा सोडवला तसा सोडवा. त्यांच्या २००९ च्या सिग्मॉड या डेटाबेस परिषदेतल्या पेपरात रचना दिलेली आहे: मूळ डेटा एका रुंद टेबलातल्या व्हॅल्यू० ते व्हॅल्यू५०० अशा प्रकारहीन कॉलमांत, आणि ज्या रकान्यांवर शोध लागतो तेवढ्यांची प्रत वेगळ्या इंडेक्स टेबलात, जिथे मजकूर, आकडा आणि तारीख यांचे खरे प्रकार असलेले कॉलम आहेत. तुम्हाला रुंद टेबलाची गरज नाही, ते काम जेसनबी करेल. दुसरी कल्पना मात्र उचला: सोसायटी_आयडी, रकाना_आयडी, मजकूर_मूल्य, अंक_मूल्य, तारीख_मूल्य, नोंद_आयडी. प्रत्येक मूल्यावर एक कंपोझिट (अनेक कॉलमांचा) इंडेक्स, एकूण तीन. ‘शोधता यावा’ अशी खूण केलेले रकानेच इथे येतील आणि असे रकाने सोसायटीमागे जास्तीत जास्त १० द्या. लिहिताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन्हीकडे लिहा.

एकूण रकान्यांनाही मर्यादा हवी. नोंदीमागे ४० पुरतात. ओळ साधारण २ केबीच्या वर गेली की जेसनबी टोस्टमध्ये (मोठ्या मूल्यांच्या वेगळ्या साठ्यात) सरकतो, आणि मग यादीच्या स्क्रीनवर एकच रकाना वाचायलाही पूर्ण मूल्य उलगडावं लागतं.

खतावणी

आकारणी. इथे आधी एक गोष्ट लक्षात घ्या: सोसायट्यांना वाटतं तितक्या त्यांच्या पद्धती वेगळ्या नसतात. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींनी बरंचसं आधीच ठरवून दिलंय. सेवा शुल्क सर्व फ्लॅटना समान. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के. पाणी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्यास) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. थकबाकीवर व्याज द.सा.द.शे. २१ पर्यंत, तेही सरळव्याज.

म्हणून सूत्र लिहायची पाटी ग्राहकापुढे ठेवण्याआधी पाच तयार पद्धती द्या: ठरावीक रक्कम, समान वाटणी, क्षेत्रफळावर, एककांवर (नळ, गाड्या, मीटरचं वाचन), दुसऱ्या शीर्षाची (बिलातल्या बाबीची) टक्केवारी. प्रत्येकीला ‘कुणाला लागू’ अशी गाळणी: मजला, विंग, भोगवट्याचा प्रकार, किंवा वर विदागार यांनी सांगितलेला जादा रकाना. तळमजल्याला लिफ्ट लावायची की नाही हा मग प्रोग्रामरचा प्रश्न उरत नाही, गाळणीतली एक खूण होते. लावावी की नाही ते त्यांची सर्वसाधारण सभा बघून घेईल. तुमच्या ‘आयडी ५७’छाप अटींपैकी बहुतेक या पाचांत मावतील.

कायद्याच्या मर्यादा प्लॅटफॉर्मच्या पातळीवर ठेवा. मूल्य शोधायचा क्रम: विंग, नाहीतर सोसायटी, नाहीतर प्लॅन, नाहीतर प्लॅटफॉर्म. मात्र मर्यादा उलट्या दिशेने लागू होते: प्लॅटफॉर्म म्हणाला २१, तर सोसायटीला २४ टाइप करताच येऊ नये. आणि अंतिम मूल्यासोबत ते कुठल्या पातळीवरून आलं हेही परत करा. सपोर्टकडे येणारे निम्मे प्रश्न ‘हा आकडा कुठून आला’ याच जातीचे असतात. उत्तर स्क्रीनवरच दिसलं तर तिकीट येतच नाही.

जिथे कायदाच संदिग्ध आहे तिथे सेटिंग द्या, तुमचं मत कोडमध्ये घालू नका. जीएसटी बघा. सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर आणि सभासदाचं महिन्याचं योगदान ७,५०० च्या वर गेलं की कर येतो. पण कशावर? जुलै २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे पूर्ण रकमेवर, मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालाप्रमाणे फक्त वरच्या रकमेवर. ८,००० रुपयांच्या बिलावर १८ टक्क्यांनी एकीकडे १,४४० आणि दुसरीकडे ९०. कुठलं लावायचं ते त्यांचा सीए ठरवेल. सेटिंग कुणी, केव्हा बदललं एवढं नोंदवा.

रकमा पूर्णांकात, रुपयांत नव्हे तर पैशांत साठवा. एका फ्लॅटचा बांधकाम खर्च २० लाख धरा. ०.२५ टक्क्याने वर्षाचे ५,००० रुपये, महिन्याला ४१६.६६६... दरमहा ४१६.६७ लावलेत तर वर्षाअखेरीस ५,०००.०४ होतात आणि ऑडिटर चार पैशांवर बोट ठेवतो, १,४०० फ्लॅटना मिळून ५६ रुपये. त्याऐवजी ५,००,००० पैशांना १२ ने भागा: ४१,६६६ आणि बाकी ८. पहिले आठ महिने ४१,६६७, पुढचे चार ४१,६६६. बेरीज तंतोतंत जुळते. बाकी कुठल्या महिन्यांत वाटायची हेही लिहून ठेवा, नाहीतर मधेच नवा सभासद आला की पुन्हा तोच घोळ.

व्याजाला तीन सेटिंग लागतात. दिवसावर की महिन्यावर: १२,४०० च्या थकबाकीवर २१ टक्क्यांनी ३० दिवसांचे २१४.०३, आणि बारावा हिस्सा धरला तर २१७.००. सवलतीचे दिवस बिलाच्या तारखेपासून की देय तारखेपासून. आणि आलेली रक्कम आधी व्याजात वळती करायची की मुद्दलात. इथली नेहमीची चूक अशी की मागच्या बिलाची ‘एकूण बाकी’ हाच पुढच्या व्याजाचा पाया धरला जातो. त्या बाकीत व्याज मिसळलेलं असतं, म्हणजे सरळव्याजाचं चक्रवाढ झालं. मुद्दल आणि व्याज खात्यात कायम दोन वेगळ्या शीर्षांत ठेवा, छापताना हवं तर एकत्र दाखवा.

आता पाच पद्धतींत न मावणाऱ्यांसाठी सूत्र. पायथनचा ईव्हॅल (मजकूर थेट कोड म्हणून चालवणारा) नको, कितीही ‘सुरक्षित’ केलेला असला तरी. गूगलची सीईएल ही छोटी सूत्रं लिहायची भाषा घ्या: तिच्यात अनंत लूप लिहिताच येत नाही, सेव्ह करतानाच प्रकारांची तपासणी होते, आणि कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमध्ये ती याच प्रकारच्या तपासणीसाठी वापरतात. तिच्यात दशांशाचा वेगळा प्रकार नाही, फक्त पूर्णांक आणि डबल (अंदाजे अपूर्णांक). म्हणून सूत्राला आकडे पैशांतच द्या आणि आधी गुणाकार, मग भागाकार असा दंडक ठेवा. पूर्णांकांचा भागाकार अपूर्णांक कापून टाकतो. क्षेत्रफळ भागिले एकूण क्षेत्रफळ आधी केलंत तर सगळ्यांचं बिल शून्य.

सूत्र कमिटीच्या हातात देऊ नका. तुमची सपोर्टची माणसं लिहितील, खजिनदार मंजूर करेल. मंजुरीच्या स्क्रीनवर सूत्र दाखवून काही उपयोग नाही, त्यावर निकाल दाखवा: सगळ्या फ्लॅटवर चालवून किमान, कमाल, एकूण वसुली, मागच्या महिन्यापेक्षा सर्वात जास्त वाढलेले दहा फ्लॅट आणि शून्य आलेले सगळे फ्लॅट.

आणि हे सर्वात महत्त्वाचं. नियम बदलला की जुनी ओळ अपडेट करायची नाही, ‘लागू दिनांक’ असलेली नवी आवृत्ती टाकायची. तारीख पुढच्या एखाद्या महिन्याची १ हीच. बिल तयार होताना त्यात नियमाची आवृत्ती, वापरलेली मूल्यं आणि आलेली रक्कम तिन्ही गोठवा. बिल पुन्हा छापणं म्हणजे पुन्हा मोजणं नव्हे. सहनिबंधकांकडे तक्रार गेली आणि तीन वर्षांपूर्वीचं बिल मागितलं, तर तेव्हा दिलं तेच निघालं पाहिजे.

सर्व्हर_सांभाळा

वेगळा डेटाबेस: प्रत्येकाला नको, एखाद्याला चालेल.

सगळ्यांना वेगळा स्कीमा (त्याच डेटाबेसात टेबलांचा वेगळा संच) दिलात तर ८० टेबलं गुणिले ३५० म्हणजे २८,००० टेबलं. बॅकअप घेणारा पीजीडम्प रांगायला लागतो, सफाई करणारा ऑटोव्हॅक्युम धावत राहतो, आणि मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणं) २१२ व्या स्कीमावर पडलं की अर्धे ग्राहक नव्या रचनेवर, अर्धे जुन्या. हे सगळं ज्या वेगळेपणासाठी करायचं तो तर रकाने आणि नियमांतून आधीच मिळालाय.

मोठ्या ग्राहकाला वेगळा डेटाबेस द्या, पण कोड तोच, कंटेनर इमेज (सर्व्हरवर चढवायचं तयार पॅकेज) तीच, मायग्रेशन त्याच दिवशी. ‘आमच्यावर अपडेट थोडं उशिरा टाका’ याला होकार दिलात की तुम्ही दोन सॉफ्टवेअर सांभाळताय. त्याची किंमत करारात वेगळी लावा, बरेचदा ती ऐकून मागणी मागे पडते. सोसायटी_आयडी कॉलम त्या डेटाबेसातही ठेवा, उद्या परत आणायला सोपं.

सामायिक डेटाबेसात रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला कुठल्या ओळी दिसतील ते डेटाबेसनेच पॉलिसीने ठरवणं) चालू आहे का? नसेल तर जादा रकाने आणि रिपोर्ट बिल्डर यांच्या आधी ते करा. ग्राहकाने रचलेल्या गाळणीतून क्वेरी बनायला लागली की एखाद्या ठिकाणी सोसायटी_आयडीची अट विसरणारच. फसण्याच्या जागा:

टेबलाच्या मालकाला पॉलिसी लागूच होत नाही. जँगो ज्या युजरने मायग्रेशन चालवतो त्यानेच वेब चालवत असेल तर सगळं व्यर्थ. दोन रोल करा, किंवा फोर्स रो लेव्हल सिक्युरिटी लावा. सुपरयुजरला तीही लागत नाही.

पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल (ट्रान्झॅक्शन संपला की कनेक्शन दुसरीकडे) तर चालू सोसायटीचा आयडी व्हेरिएबलमध्ये ठेवायला साधं सेट वापरू नका. ते कनेक्शनला चिकटून राहतं आणि पुढचा रिक्वेस्ट दुसऱ्या सोसायटीचा असतो. प्रत्येक ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला सेट लोकल, किंवा सेट_कॉन्फिग फंक्शनचा तिसरा अर्ग्युमेंट ट्रू. ट्रान्झॅक्शन संपल्यावर त्याच कनेक्शनवर तो व्हेरिएबल नलवर (मूल्यच नाही या स्थितीवर) जात नाही, रिकामी स्ट्रिंग होतो. पॉलिसीत त्याचं थेट पूर्णांकात रूपांतर केलं असेल तर एरर येतो, आणि तो ‘कधीकधी’ येतो, कारण नव्या कनेक्शनवर नल मिळतो आणि वापरलेल्यावर रिकामी स्ट्रिंग. रिकाम्या स्ट्रिंगचा नल करणारं नलइफ लावा म्हणजे दोन्हीकडे शून्य ओळी मिळतील.

व्ह्यू (साठवलेली क्वेरी) मालकाच्या हक्काने चालतो. तुमच्या १५ व्या आवृत्तीत सिक्युरिटी इन्व्होकर पर्याय आहे, तो प्रत्येक व्ह्यूवर लावा. मटेरियलाइज्ड (निकाल साठवून ठेवणाऱ्या) व्ह्यूला पॉलिसी लागतच नाही. युनिक आणि फॉरेन कीची तपासणी पॉलिसीच्या बाहेर होते, म्हणून दोन्हींत सोसायटी_आयडी घालाच. नाहीतर एका सोसायटीला ‘हा स्टिकर नंबर आधीच आहे’ असा संदेश दुसऱ्या सोसायटीच्या स्टिकरमुळे मिळेल.

कॅशची की: सोसायटी_आयडी अधिक कॉन्फिगची आवृत्ती. सेलरीच्या (मागे चालणाऱ्या) कामांना आयडी अर्ग्युमेंट म्हणून द्या, ‘चालू सोसायटी’ अशा ग्लोबलवर विसंबू नका.

छापखाना

बिलाच्या नमुन्यासाठी जिंजा ही पायथनची टेम्प्लेट भाषा थेट ग्राहकाला देऊ नका. पायथनच्या वस्तूवरून तिच्या क्लासपर्यंत आणि तिथून वाट्टेल तिथे पोचता येतं. सँडबॉक्स (बंदिस्त मोड) आहे, पण त्यालाही पूर्वी स्ट्रिंगच्या फॉरमॅट मेथडमधून भोक पडलं होतं. लिक्विड ही टेम्प्लेट भाषा घ्या. ऑनलाइन दुकानं चालवणाऱ्या शॉपिफायने ती दुकानदारांना टेम्प्लेट लिहू देण्यासाठीच बनवली, पायथनमध्येही उपलब्ध आहे. टेम्प्लेटला मॉडेलच्या वस्तू पाठवू नका, साधी डिक्शनरी पाठवा. त्या डिक्शनरीतली नावं हा ग्राहकाशी केलेला करार आहे: नवं नाव वाढवा, जुनं बदलू नका.

खरं सांगायचं तर शंभरातल्या बहुतेकांना टेम्प्लेट नकोच असते. लोगो, नोंदणी क्रमांक, शीर्षांचा क्रम, तळटीप, सही आणि क्यूआर कोड एवढं सेटिंगमध्ये दिलं आणि दोन-तीन मांडण्या दिल्या की भागतं.

पीडीएफसाठी हेडलेस क्रोमियम (खिडकीविना चालणारा ब्राउझर). डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ २०२३ पासून संग्रहात टाकलंय (काम बंद आहे), नवीन कामाला घेऊ नका. मजकूर थेट पीडीएफवर चितारणाऱ्या लायब्रऱ्या वापरत असाल तर देवनागरी शेपिंग (अक्षरं नीट जोडणं) आहे का ते आधी पाहा. चाचणीसाठी ‘श्रीकृष्ण’, ‘द्वितीय’, ‘दुसऱ्या’, ‘कर्ज’, ‘विंग क्र.’ एवढे शब्द पुरे. रफार चुकीच्या अक्षरावर गेला किंवा पहिली वेलांटी व्यंजनानंतर आली तर शेपिंग नाही, फॉन्ट बदलून उपयोग नाही. उलट सगळ्या ठिकाणी चौकटी दिसत असतील तर कंटेनरमध्ये फॉन्ट नाही. डेबियनच्या फॉन्ट्स-नोटो-कोअर पॅकेजमध्ये नोटो सॅन्स देवनागरी आहे. फॉन्ट इमेजमध्येच ठेवा, गूगल फॉन्ट्सवरून ओढू नका.

कारण क्रोमियमला नेटवर्क पूर्ण बंद हवं. टेम्प्लेटमध्ये कुणी आयफ्रेम टाकून १६९.२५४.१६९.२५४ हा क्लाउड सर्व्हरची अंतर्गत माहिती देणारा पत्ता दिला तर क्लाउड सर्व्हरच्या किल्ल्या बिलावर छापून येऊ शकतात. स्थानिक फाइलचा पत्ताही तसाच. चित्रं आधी आपल्याकडे अपलोड करून डेटा यूआरएल म्हणून द्या. एका बिलाला १० सेकंद, त्यापुढे प्रोसेस मारा.

आकडे: जावास्क्रिप्टच्या इंटल फॉरमॅटरला मराठी-भारत लोकेल दिलं की अंक आपोआप देवनागरी येतात. काही कमिट्यांना मजकूर मराठी आणि अंक इंग्रजी हवे असतात, त्यासाठी नंबरिंग सिस्टिम लॅटिन असं वेगळं सेटिंग. लाख-कोटींचे स्वल्पविराम दोन्हींत बरोबर पडतात. अक्षरी रकमेसाठी मात्र १ ते ९९ ची पूर्ण यादी लिहावी लागते. मराठीत एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर यांना इंग्रजीसारखा दशक-एकक जोडण्याचा नियम चालत नाही.

सीएसव्ही देत असाल तर सुरुवातीला यूटीएफ-८ चा बीओएम (एन्कोडिंगची खूण) टाका. नाहीतर एक्सेलमध्ये दुहेरी क्लिक केलं की नावांचा कचरा दिसतो आणि ‘तुमचं सॉफ्टवेअर मराठी बिघडवतं’ म्हणून तक्रार तुमच्या नावावर.

बिलिंग_बॅकएंड

सगळ्यांचे आभार, पीजीबाउन्सरचा मुद्दा आजच तपासतो. दोन गोष्टी राहिल्या. जुन्या अटी काढायच्या कशा, बिलं न बिघडवता? आणि डोमेन व गेट अ‍ॅप?

खतावणी

अटी आधी एका शीटमध्ये उतरवा: फाइल, सोसायटी, काय बदलते, कोणी मागितलं. पुढे एक शेरा: नुसतं मूल्य, पाचांपैकी पद्धत, सूत्र, की आता कुणालाच नको. चौथ्या शेऱ्याच्या ओळी अपेक्षेपेक्षा जास्त निघतात, त्या आधी उडवा.

उरलेल्यांसाठी नवं इंजिन जुन्याच्या शेजारी चालवा. गेल्या १२ महिन्यांची बिलं नव्या नियमांनी पुन्हा मोजा आणि शीर्षनिहाय पैशापर्यंत फरक काढा. फरक शून्य असलेल्या सोसायट्या लगेच हलवा. फरक असेल तिथे जुनं बरोबर असेल असं गृहीत धरू नका. व्याजात तर बहुधा जुनंच चुकलेलं असतं. अशा वेळी नवं इंजिन जुन्या चुकीशी जुळवत बसू नका. फरकाचा तक्ता खजिनदाराला द्या आणि लागू दिनांक त्याच्याकडून लेखी घ्या. मार्चमध्ये काही हलवू नका. एप्रिलचं पहिलं बिल नव्या इंजिनवर काढणं सोयीचं, वर्षाची सुरुवातीची बाकी स्वच्छ असते.

मग सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) एक तपासणी टाका: सोसायटी आयडीची ठरावीक आकड्याशी तुलना दिसली की बिल्ड लाल.

सर्व्हर_सांभाळा

डोमेन: ग्राहकाला सबडोमेनचा सीनेम (एका नावावरून दुसरीकडे नेणारी डीएनएस नोंद) तुमच्याकडे वळवायला सांगा. मूळ डोमेनवर सीनेम चालत नाही, तिथे हट्ट असेल तर त्यांच्या डीएनएस पुरवठादाराकडे एलियास आहे का पाहा. सर्टिफिकेटसाठी कॅडी या वेब सर्व्हरचा ऑन-डिमांड टीएलएस (मागणी आली की सर्टिफिकेट) सोपा, पण ‘हे डोमेन आपलं आहे का’ विचारणारा एंडपॉइंट जोडल्याशिवाय चालू करू नका. नाहीतर कुणीही आपली हजार डोमेनं तुमच्याकडे वळवून मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची मर्यादा संपवेल. डीएनएस बरोबर दिसेपर्यंत सर्टिफिकेट मागू नका. एका नावासाठी तासाला पाच फसलेले प्रयत्न झाले की थांबावं लागतं. सर्टिफिकेट मिळतच नसेल तर त्यांच्या डोमेनवर दुसऱ्याच कंपनीचं सीएए रेकॉर्ड (सर्टिफिकेट कोण देऊ शकतं ते सांगणारं) आहे का बघा. ग्राहक सोडून गेला की त्याच्या डोमेनची नोंद तुमच्याकडून काढा आणि सीनेम काढायला त्यालाही कळवा.

गेट अ‍ॅपसाठी वेबहुक (घटना घडली की त्यांच्या पत्त्यावर आपोआप संदेश). घटना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आउटबॉक्स टेबलात लिहा, पाठवायचं काम वेगळ्या वर्करला. एचएमएसी एसएचए-२५६ ची (गुप्त किल्लीने केलेली) सही, सहीत वेळेचा शिक्का, प्रत्येक घटनेला कायमचा आयडी म्हणजे समोरच्याला दुबार आलेली ओळखता येईल. पत्ता ग्राहक देतो, म्हणून जोडणीच्या क्षणी आयपी तपासा आणि खासगी पत्ते नाकारा. सेव्ह करताना तपासून भागत नाही, डीएनएस नंतर बदलता येतं. रीडायरेक्टच्या मागे जाऊ नका. टाइमआउट ५ सेकंद, पुन्हा प्रयत्न वाढत्या अंतराने आणि थोड्या यादृच्छिक फरकाने, आणि प्रत्येक सोसायटीची रांग वेगळी. एकाच रांगेत टाकलंत तर एका सोसायटीचा बंद पडलेला सर्व्हर बाकी सगळ्यांच्या गेटवरच्या नोंदी अडवून धरेल.